मंजुळेला न पटलेली दुरुस्ती

सासऱ्यांच्या मोटारसायकलला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे काही वाचाल त्याचं खापर कुणावर फोडायचं याबद्दल गोंधळ नको. गाडी सुरू होत होती, चालत होती आणि थांबवली की थांबत होती. त्या काळी मी ज्या साखर कारखान्यात नुकता चिकटलो होतो, तिथला बॉयलरसुद्धा एवढं बिनतक्रार करत नव्हता. तरीही पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत गेलेला मी, नरकचतुर्दशीच्या सकाळी, अंगभर उटणं थापलेल्या अवस्थेत न्हाणीतून ओरडलो, "मामा, गाडी मिसिंग मारतेय! कार्बोरेटर साफ करायला पाहिजे!"  बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "आधी अंघोळ तर करून घ्या की पावणं."

मी मोठा कधी झालो, असं मुलं अधूनमधून विचारतात. त्यांच्या आईचं म्हणणं, ती अजून वाट बघतेय. पण माझ्या हिशेबानं मी त्या दिवाळीत थोडाफार झालो. तोपर्यंत मी कुरुंदवाडच्या एका मास्तरांचा मुलगा होतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. आणि तो डिप्लोमा लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं छापलेला होता, माझ्या नावापेक्षा थोड्या ठळक अक्षरांत. आमच्या घरात यंत्र म्हणावं असं एकच, वडिलांचं मनगटी घड्याळ. ते मी आठवीत असताना उघडलं होतं. त्यानंतर वडील वेळ विचारायला शेजारी जायचे. एवढा अनुभव पाठीशी घेऊन मी शिवाजी पेठेतल्या एका दूधवाल्या घराचा जावई झालो.

त्या घराची रचना अशी, की रस्त्यावरून आत शिरलं की सोपा, म्हणजे बसायची पडवी, सोप्यामागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं न्हाणी, आणि सगळ्यांच्या मागं, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत स्वच्छ जागा म्हशींची. माणसं उरलेल्या जागेत राहायची. पहाटे जाग यायची ती बादलीत पडणाऱ्या धारांनी. आधी रिकाम्या बादलीवर पत्र्यासारखा तडतडाट, मग बादली भरत आली की तोच आवाज जाड, मऊ, गुबगुबीत. सासूबाई, म्हणजे मामी, त्या आवाजावरनं चुलीपुढं बसल्याबसल्या सांगायच्या, "आज तांबडीनं कमी दिलंय." मग पितळी पेला भरून फेसाळ, कोमट दूध माझ्या हातात. दिवाळीचे दिवस, त्यामुळं दुधापाठोपाठ चकली, चकलीपाठोपाठ करंजी, आणि मी "पुरे" म्हटलं की त्याचा अर्थ त्या घरात "आणखी दोन" असा लावला जायचा. माझा मेहुणा संभा, तालमीच्या फुटबॉल संघाचा बॅक, दाराएवढा रुंद, माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणायचा, "दाजी, खावा. म्हशीलाबी आम्ही असंच खायला घालतोय." हे कौतुक होतं, असं मी तेव्हा समजत होतो.

आणि या सगळ्या आवाजांवर एक आवाज असायचा, गाडीचा. दोन सायलेन्सरची जुनी टू-स्ट्रोक, दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंग केलेले हूक. मामा ती गोठ्याच्या तोंडाशी सुरू करून ठेवायचे आणि आत जाऊन कॅन भरायचे. गाडी एकटीच बोलत उभी. ढण्, ढण्, ढण्, मग काहीच नाही, इतका वेळ काहीच नाही की माणसानं उठून बघायला जावं, आणि मग एकदम खोकल्यासारखं ढण्ण! पुन्हा पहिल्यापासून. ज्याला चार दिवस डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये उभं केलंय, त्याच्या कानाला हे सहन होणं शक्य नव्हतं. रेस सोडून दिल्यावरही इंजिन आपलं आपण एकसारखं चालत राहावं, याला मिस्त्री लोक 'स्लोला धरणं' म्हणतात. ही गाडी स्लोला धरत होती, पण हात सुटत आलेला माणूस बसच्या दांडीला धरतो तशी.

आता कुणीही शहाण्या माणसानं मला तिथंच अडवलं असतं. पण ते दिवस दिवाळसणाचे. पहिल्या दिवाळसणाला जावयाला 'नको' म्हणायचं नसतं, हा त्या घराचा कडक नियम. मामांनी संभाकडं बघितलं, संभानं छताकडं बघितलं, मामी म्हणाल्या, "पावणं शिकल्यालं हाईत, बघू द्या." आणि मी गोठ्यासमोर पोतं अंथरून बसलो. आमची ही, सुनंदा, एकदा दारात येऊन म्हणाली, "अहो, पाडव्याला गाडी लागत्या. माहीत हाय न्हवं?" मी म्हटलं, "पाडव्याला बघच तू." तिनं बघितलं.

पाडव्याचं तुम्हाला सांगायला हवं. त्या दिवशी कोल्हापुरातले म्हशीवाले आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ, अंगावरचे केस कातरून काढलेली नक्षी. आणि मग मालक मोटारसायकलवर बसून पुढं निघतो आणि म्हैस त्याच्यामागं पळते. दोरी नाही, काठी नाही. एवढ्या गर्दीत, एवढ्या गाड्यांच्या कलकलाटात, म्हैस आपल्या मालकाच्या गाडीमागंच पळते. आमच्या कुरुंदवाडात मी हे ऐकून होतो. ती मालकाला ओळखते, असं मला वाटायचं. ती नेमकं काय ओळखते, हा प्रश्न डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात नव्हता. मामांची म्हैस होती मंजुळा. नाव मंजुळ, अंग रोडरोलरचं. कितीतरी पाडवे ती मामांच्या गाडीमागं पळाली होती, आणि मामांची पेठेत जी काही पत होती, तीतला अर्धा वाटा तिचा होता. मामा स्वतःच तसं सांगायचे.

कार्बोरेटर मी सोडवला. मामींच्या वाटीत रॉकेल घेतलं. ती वाटी करंजीच्या सारणाची होती, हे नंतर सगळ्यांनाच कळलं. स्लोचा स्क्रू काढताना त्याच्यामागची बारीक स्प्रिंग टुणकन उडाली आणि वैरणीत गेली. संभानं विचारलं, "महत्त्वाची हुती काय?" मी म्हटलं, "तशी काही नाही." ती स्प्रिंग स्क्रूला जागेवर घट्ट धरून ठेवते, एवढंच तिचं काम; एवढ्याशा कामासाठी वैरण कोण उपसणार? मामा मात्र वैरणीकडं आणि मंजुळेच्या रवंथ करणाऱ्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग जेट. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, मधून केसाएवढं भोक, त्यातून पेट्रोल येतं. ते भोक साफ करायला मी खराट्याचा एक हीर मोडून घेतला. मामी म्हणाल्या, "त्यानं अंगण झाडत्यात, पावणं." मी हसलो. शिकलेल्या माणसाचं एक ठेवणीतलं हसू असतं, ते.

सगळं पुन्हा बसवलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली, ती थेट टिपेला. रेसला हात लावायच्या आधीच ती अशी किंचाळली, की तांबडीनं दाव्याला हिसका दिला, दुधाची बादली आडवी झाली, आणि समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. संभा ओरडला, "दाजी, इमान कुठल्या गावाला निघालं?" मी चावी फिरवली. झालं होतं असं, की कार्बोरेटरमध्ये रेसबरोबर वरखाली होणारं एक नळकांडं असतं. त्याची एक बाजू थोडी कापलेली असते, ती हवेच्या अंगाला यावी लागते. मी ती इंजिनाच्या अंगाला बसवली होती. उलटी बसली की नळकांडं पुरतं खाली उतरत नाही आणि गाडी उधळते. "असं मुद्दाम करून बघतात," मी सांगितलं, "टेस्टिंग." सांडलेल्या दुधाकडं बघत मामा म्हणाले, "लई चांगलं टेस्टिंग झालं."

नळकांडं सरळ केलं तर गाडी रेस सोडली की बंद. सुरू केली, रेस सोडली, बंद. मी प्लग बदलला, पेट्रोल बदललं, पेट्रोलपंपाला शिव्या घातल्या, हवेला दोष दिला. हवेचा स्क्रू आत घेतला, बाहेर घेतला. लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला तरी गाडी एक श्वास स्वतःचा घेईना. मामांनी अगदी हळू आवाजात संभाला विचारलं, "मिस्त्री कुठं हाय?" संभानं सांगितलं, मिस्त्री चंदगडला गेलाय, त्याचाबी पैला दिवाळसण हाय. म्हणजे त्या क्षणी चंदगडातलं कुठलं तरी घर जावयापासून धडधाकट गाडी लपवून बसलं असणार, या विचारानं मला जरा बरं वाटलं.

शेवटी जेट काढून उजेडापुढं धरला, तर पलीकडचा उजेड दिसेना. हिराचं टोक आत मोडून बसलेलं. ते ब्रेकच्या तारेचा एक धागा सोडवून ढकललं, आणि उरलेलं तोंडानं ओढून काढलं. तोंडात पेट्रोल. त्या संध्याकाळी लक्ष्मीपुढं बसून मी जी चकली खाल्ली ती टू-स्ट्रोक चकली होती, आणि निरांजन ओवाळताना सुनंदा ते माझ्यापासून जरा लांबच धरत होती.

पण गाडी स्लोला धरू लागली! काय धरू लागली! एकसारखी, गुळगुळीत, शिवणयंत्रासारखी. ना खोकला, ना उसासा. मी सगळ्यांना बोलावून आणलं आणि रेस सोडून, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. गाडी गुणगुणत होती. मामांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "गुळगुळीत झाली की." शेजारी कुणी गेल्यावर आपण 'सुटला बिचारा' म्हणतो, त्या सुरात. मला तो सूर तेव्हा कळला नाही. आता माझ्या मुलाच्या गाडीला कार्बोरेटरच नाही. तिच्यात काय बिघडलंय ते लॅपटॉप जोडून बघतात. म्हणजे उद्या तो सासुरवाडीला जाईल तेव्हा त्याला अब्रू घालवायला काही साधनच उरलेलं नाही. पिढीचं कसं होणार, काळजी वाटते.

पाडव्याच्या सकाळी मंजुळेची रंगरंगोटी झाली. तुरे बांधले, चाळ बांधले. तिला गल्लीत आणलं, दोरी सोडली. मामा नवा फेटा बांधून गाडीवर बसले, किक मारली, दहा पावलं पुढं गेले. मंजुळा उभी. मामांनी रेस दिली. मंजुळेनं रवंथ चालू ठेवलं. मामांनी हाक मारली, "मंजुळे, ये की!" तिनं मामांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं. मामा गाडीवर बसलेले तिला दिसत होते, फेटा दिसत होता. पण ही गाडी कुणाची, ते तिला ठाऊक नव्हतं. एवढ्यात पलीकडच्या गल्लीतले तात्या आपल्या खडखडणाऱ्या गाडीवरून समोरून गेले. आणि मंजुळा, आमची मंजुळा, चाळ वाजवत चार पावलं त्यांच्यामागं गेली.

तात्या थांबले. सावकाश वळून बघितलं. मामांना म्हणाले, "काय आबा, म्हस आमच्याकडं नांदायला येणार दिसतीया!" गल्ली हसली.

मामा खाली उतरले. गाडी स्टँडला लावली, मंजुळेला हातानं धरून गोठ्यात आणलं आणि तिच्याशेजारी पाटावर बसले. संभा म्हणाला, "आबा, यंदा दोरी लावून न्यायची." मामा म्हणाले, "दोरी लावून न्यायची तर ती म्हस कशाला न्यायची? कुत्रं नेतो की त्यापरास." मग फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. त्या घरात जावयाला शिवी द्यायची सोय नव्हती, म्हणून संभानं बादलीला लाथ घातली, मामींनी चुलीला नावं ठेवली आणि मामा म्हशीला म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाय गं." मी तिथंच उभा होतो. चार लोक तोंडावर बोलले असते तर बरं वाटलं असतं, एवढं ते आदरातिथ्य अंगावर आलं.

तेव्हा सुनंदा हात पुसत बाहेर आली. गाडी सुरू करायला सांगितली. मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "ह्यात आमची गाडी कुठाय?"

"म्हणजे?"

"आमची गाडी खोकती. तीनदा बोलती, गप बसती, मग खोकती. म्हस त्या खोकल्यामागं पळती, गाडीमागं न्हवं. तुम्ही खोकलाच काढून टाकलासा." आणि पदर खोचत म्हणाली, "बसा खाली. मी ऐकतो, तुम्ही फिरवा." कोल्हापूरच्या बायका 'मी ऐकतो, मी येतो' असंच बोलतात. लग्नानंतर पहिल्यांदा ती दारातून "मी आलो" म्हणाली, तेव्हा आमच्या आईनं दोन माणसांचा चहा टाकला होता.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. आयुष्यात लोक गाड्या सुधारायला बसतात. मी बिघडवायला बसलो, आणि ते काम सुधारण्यापेक्षा भलतंच नाजूक निघालं. हवेचा स्क्रू इकडं फिरवला. "न्हाय. ही रडायलीय." तिकडं फिरवला. "ही शिंकायलीय." स्लोचा स्क्रू जरा मागं. "आता दमा झालाय तिला." मामा उठून जवळ आले. मामी उलथनं हातात घेऊन दारात. सुनंदा डोळे मिटून हातानं ताल धरत होती, "बोल, बोल, बोल, गप... न्हाय, लवकर खोकली. अजून गप बसवा." घामानं माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर निसटत होता. आणि मग एका केसाएवढ्या फिरवण्यावर ढण्, ढण्, ढण्, काहीच नाही, काहीच नाही, सुनंदाचा हात वर तसाच थांबलेला, ढण्ण! गोठ्यातून चाळ वाजले. मंजुळेनं मान वळवली होती आणि तिचा एक कान सरळ आमच्याकडं लागला होता.

"हीच!" मामा ओरडले. फेटा पुन्हा डोक्यावर गेला.

मी हात काढला आणि गाडी पुन्हा गुळगुळीत झाली. स्क्रूला जागेवर धरणारी स्प्रिंग वैरणीत, किंवा त्याहून आत कुठं तरी. त्यामुळं गाडीच्या थरथरीनं स्क्रू आपोआप फिरत होता. रबराचा तुकडा लावून बघितला, सुतळी गुंडाळून बघितली. हात लावला की खोकला, हात काढला की गुळगुळीत. मिरवणुकीची वेळ झालेली. मामांनी माझ्याकडं बघितलं, मागच्या सीटकडं बघितलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "जावईबापू, बसता काय मागं?"

तर अशा रीतीनं दिवाळसणाचा जावई, अंगावर सासुरवाडीचा नवा कोरा शर्ट, मामांच्या मागं बसून, त्यांच्या मांडीखालून हात घालून, टाकीच्या खाली वाकून, कार्बोरेटरचा स्क्रू धरून पेठेच्या मिरवणुकीत निघाला. मला दिसत होतं ते एवढंच, मामांचा गुडघा, इंजिन आणि पळता रस्ता. सायलेन्सरच्या नळ्या काढलेल्या गाड्या चारी बाजूंनी फुटत होत्या, हलगी कडाडत होती, आणि त्या गदारोळात माझी बोटं आमचा खोकला सांभाळत होती. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "ओ पावणं, काय पडलं काय?" "आबा, मागचा मेला का झोपला?" मागं बघायची सोय नव्हती. ती आलीय की नाही, हे मला चाळांवरून ऐकायचं होतं, आणि चाळ तर शेकडो वाजत होते.

चौकाच्या वळणावर मामांनी रेस सोडली. उजव्या अंगानं तात्यांची गाडी अगदी लगत आली, तिचा खडखडाट माझ्या कानात शिरला आणि आमची गाडी मला ऐकूच येईना. बोटांना काय करावं कळेना. मी डोळे मिटले, स्क्रू तेवढासा मागं घेतला आणि इंजिन गप झालं. गप. मामांची पाठ ताठ झालेली मला डोक्याला जाणवली. स्क्रू धरलेलं बोट इंजिनावर टेकून भाजत होतं, तरी ते हलवायची माझी छाती नव्हती. मग एवढ्या वेळानंतर, ढण्ण! आणि माझ्या पाठीवर, मानेवर, नव्या शर्टावर, गरम, ओला, वैरणीचा वास असलेला श्वास येऊन आदळला. इतक्या जवळून मला त्याआधी फक्त सासूबाईंनीच आग्रह केला होता.

मंजुळा शेवटपर्यंत आली. मामांना हार पडला, मंजुळेला पडला. तात्या येऊन मामांच्या पाठीवर थाप मारून गेले आणि जाताना मला म्हणाले, "पावणं, जरा सरळ व्हा आता." सरळ व्हायला मला वेळ लागला. संभानं मला खांद्याला धरून उतरवलं. मामा मला म्हणाले, "मंजुळेला तुमचा पाठिंबा लई हुता." ते खरंच म्हणाले की टोमणा मारला, हे आजवर कळलेलं नाही. पण परतताना त्यांनी गाडी माझ्या हातात दिली आणि स्वतः मंजुळेबरोबर चालत आले. पाडव्याला ती गाडी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्याचं पेठेत कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चंदगडहून मिस्त्री आला, नवी स्प्रिंग टाकली आणि गाडी चालू करून म्हणाला, "मिसिंग मारतीया, साफ करू काय?" त्याला घरातल्या पाचही जणांनी एकदम 'नको' म्हटलं, आणि त्या पाचांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

पाडव्याच्या संध्याकाळी, मिरवणुकीवरून आल्यावर, सोप्यात बसून सुनंदा माझ्या भाजलेल्या बोटांना तूप लावत होती. मी जरा कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं, "लोक काय म्हणत होते?"

"काय म्हणणार? सगळ्या बायका मला विचारत हुत्या, तुझा नवरा गाडीवर असा वाकून काय करायलाय म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

तिनं बोटावर फुंकर घातली आणि म्हणाली, "म्हशीची माफी मागायलाय, म्हटलं."